काटा नसलेली चकती

खानापुरात स्टेशन रोडला माझं दुकान.
पासष्ट इंची टीव्ही कोण उचलून आणणार,
मीच जातो, पिशवी घेऊन.

सातेरी घाडींच्या घरी गेलो तेव्हा
बातम्या चालल्या होत्या
आणि बातम्या देणाऱ्या बाईच्या कोपराशी
पुसट राखाडी आकडे, गोल मांडलेले:
शून्य, वीस, चाळीस, साठ, ऐंशी.
"आता कन्नड लाव," पार्वताक्का म्हणाल्या.
लावलं. तिथंही तेच.
"बघ. कुठली बी सासू असूंदे,
ऐंशीच्या पुढं जाऊलीच नाही."

मामा हसले नाहीत.
एकतीस वर्षं बेळगाव–कोल्हापूर मारलेला माणूस.
निवृत्त झाल्यावर मुलानं हुबळीहून टीव्ही पाठवला,
सोबत एक गेम: बस चालवायचा.
रस्ते कुठल्या तरी थंड देशातले,
कडेला गायी, पाट्या न कळणाऱ्या भाषेत.
"त्याचं काय नाही," मामा म्हणाले,
"पाटी न वाचता गाडी हाणायची सवय हाय मला."

मी पडदा लाल केला. हिरवा केला.
निळ्यात चकती ठळक दिसली,
पांढऱ्यावर तर चुलीमागच्या भिंतीसारखी.
मग समजावलं:
यातला एकेक ठिपका स्वतःच पेटतो, मामा,
निपाणीच्या विडीगत.
जेवढा उजेड देतो तेवढा संपतो.
रस्ता पळतो, झाडं पळतात,
त्यांचा जाळ सगळीकडं वाटला जातो.
एका जागी राहतं ते उमटतं.

"आणि काटा?"
मामा उठून पडद्याजवळ गेले.
बोटानं आकडे चाचपले, काचेला काय लागणार.
खरंच. चकती होती, आकडे होते,
काटा कुठंच नव्हता.
"काटा हलत होता," मी म्हणालो.
ते बराच वेळ तिथंच उभे राहिले,
उजवा पाय चटईवर जरासा दाबलेला.

"पण रोज तीन-चार तासांनी
एवढं जळत नाही," मी म्हणालो.
"गाडी उभी करून ठेवता काय कुठं?"

कोण बोललं नाही.
आत कुकरची शिट्टी झाली, कुणी उठलं नाही.
मग पार्वताक्का, पदराचं टोक वळत:
"निपाणीला दहा मिनटं थांबायची की गाडी. च्याला.
तसं हे बी थांबवतात. हँडब्रेक वढतात.
आणि खुर्चीतच डोळा लागतो.
मी बंद करायला गेले एकदा,
तर दचकून उठले, पाशिंजर कुठं गेले म्हणाले.
तवापासून ठेवते चालू.
सकाळी पाच वाजता मीच बंद करते."

"किती दिवस?"
"दिवाळीपासनं."

बाहेर शिमग्याची लाकडं गोळा करत पोरं ओरडत होती.
नवं पॅनेल साठ हजार. आकडा मी सांगितला,
दोघांनी ऐकून सोडून दिला.
"होगली बिडु," मामा म्हणाले, "दिसूंदे."
मग उजेड कमी केला.
तासाभरानं आपोआप बंद होण्याची वेळ लावायला गेलो
तशी पार्वताक्कांनी मान हलवली.
ती तशीच ठेवली.

एक मात्र चालू केलं. म्हटलं, मामा,
आता चित्र अधूनमधून एक ठिपका सरकत राहील.
बघणाऱ्याला कळणार नाही,
पण एकाच जागी जळायचं थांबेल.

"कुठल्या बाजूला सरकतंय?"

"दोन्ही. जरा इकडं, जरा तिकडं."

मामांनी रिमोट मांडीवर घेतला.
कोगनोळी नाक्यावर गाड्या अडल्या होत्या त्या वर्षी
ते तिथं दोन रात्री बसमध्येच झोपले होते,
हे मला माझ्या बापानं सांगितलेलं.
त्याबद्दल ते काही बोलले नाहीत.
"म्हंजे आमचीच गाडी की," एवढंच म्हणाले,
आणि पार्वताक्कांना:
"याला च्या दे गं. दहा मिनटं हाईत."