रविवारी उतरवू

वाशीला फुटपाथवर साडेचारशे सांगून तीनशेला दिलं त्याने.
तीन फुटी, घडीचं. छत्रीच्या काड्यांसारख्या
फांद्या एकेक करून वाकवायच्या.
केतकी म्हणाली, वर्गात सगळ्यांकडे आहे.
सगळ्यांकडे नव्हतं, मला ठाऊक होतं.
पण डिसेंबरात रात्रपाळी लागली होती,
आणि रात्रपाळीची आई घासाघीस फक्त दुकानदाराशी करते.

घणसोलीत चौथ्या मजल्यावर, रस्त्याकडच्या खिडकीत ठेवलं,
ग्रिलला सुतळीने बांधलं, वारा शिरतो म्हणून.
सोनेरी गोळे बारा, एक पहिल्याच दिवशी फुटला.
घंटा, ज्या वाजत नाहीत.
कापसाचा बर्फ मी लॅबमधून आणला नाही,
मेडिकलमधून विकत घेतला,
हे इथे नोंदवून ठेवते.

सहा जानेवारीला शेजारच्या ओहोळबाई दारात:
'तीन राजे येऊन गेले गं. आता उतरवायचं.
आमचं पेटीत गेलंसुद्धा.'
मी म्हटलं, रविवारी.

संक्रांतीला केतकीने फांदीवर हलव्याचा हार घातला,
तिच्याच बोरन्हाणाचा, डब्यात जपलेला.
मुंग्या आल्या. मुंग्या गेल्या.
हळदीकुंकवाच्या बायका आधी झाडाकडे बघायच्या,
मग एकमेकींकडे.
सेक्रेटरी डोळस म्हणाले, शॉर्टसर्किट होईल हो एखाद दिवशी.
मी म्हटलं, रविवारी.

राखेच्या बुधवारी ओहोळबाई कपाळावर राख घेऊन आल्या.
काही बोलल्या नाहीत.
शेंड्यावरचा कलंडलेला तारा तेवढा सरळ केला.

कुणाला सांगितलं नाही ते असं:
मी रात्री आठला निघते. केतकी दहा वर्षांची.
ओहोळबाई अकरापर्यंत बसतात, मग ती आतून कडी लावते.
भिंतीपलीकडेच त्यांची खाट, ठोकलं की ऐकू जातं.
तरी.

महापेला रात्रभर मी रक्ताच्या नळ्या लावते,
लाल बूच, जांभळं बूच, पिवळं बूच,
कुणाची साखर, कुणाची नुसती भीती.
साडेपाचला बस नाक्यावर सोडते.
वळलं की आधी पाण्याची टाकी, मग आमची इमारत,
मग वर हिरवं, लाल. विझतं, पेटतं.
ते दिसलं की चाल हळू होते.
दूध घ्यायचंय हे आठवतं.

फेब्रुवारी संपताना एका पहाटे खिडकी काळी.

लिफ्टची वाट बघितली नाही.
किल्ली उलटी घातली, मग सुलटी.
केतकी पालथी झोपलेली, एक पाय चादरीबाहेर,
आणि माळेची पिन काढून, वायर छान गुंडाळून
स्टुलावर ठेवलेली.

उठल्यावर म्हणाली, 'डोळ्यांवर येतं गं ते.
आणि मी आता घाबरत नाही.'
कधीपासून?
'संक्रांतीपासून. तुला आवडतं म्हणून लावत होते.'

मी चहा टाकला. जरा जास्तच उकळला.

परवा होळीची लाकडं मागत पोरं आली.
'काकू, ते झाड द्या ना.'
'प्लास्टिकचं आहे रे. जळायचं नाही, नुसता वास सुटेल.'
डोळसांचा धाकटा चिमटीत फांदी धरून उभा:
'मग ठेवलंय कशाला अजून?'
आतून केतकी ओरडली, 'रविवारी उतरवणार आहोत!'

पलंगाखालचा खोका ओढून पुसून ठेवला आहे.
त्यात सध्या तिच्या तोकड्या झालेल्या चपला आहेत.

आज डबा भरला, ओळखपत्र गळ्यात घातलं,
आणि निघता निघता पिन लावली.
केतकीने वहीतून मान वर केली नाही.
'काढ ती. रात्रभर कशाला, बिल येतं.
शाळेसाठी पाचला उठतेच मी.
तेव्हा लावेन.'

मी पिन काढली. वायर गुंडाळली,
तिच्याइतकी नीट नाही जमली.