मधली पायरी

गणित असं होतं:
सहा बाया एका शेताची रोवणी आठ दिवसांत करतात,
तर चार बायांना किती दिवस लागतील?

पुस्तकात मजूर होते आणि भिंत होती.
मी बाया केल्या, धान केलं.
मी पडलो कपाशीकडचा, दर्यापूरचा;
वाटलं, कोसमटोल्याच्या पोरांना
आपल्या बांधीतलं गणित सोपं जाईल.

रीत फळ्यावर सांगून झाली होती.
आधी एकावर या, मग हवं तितक्यावर जा.
एकीला आठ गुणिले सहा, अठ्ठेचाळीस.
चौघींना अठ्ठेचाळीस भागिले चार.
म्हणून, बारा.
'म्हणून'ची तीन टिंबं नीट काढा,
त्यांना अर्धा गुण असतो, असं मी दरवर्षी सांगतो
आणि तो कुठेच नसतो.

त्रिवेणी नैतामच्या वहीत
पहिली ओळ होती, शेवटची होती,
बारा होते, टिंबंही तीन.
मधली ओळ कोरी,
खोडरबरानं घासून कागद खरबरीत झालेला.
मी लाल पेनानं लिहिलं:
उत्तर बरोबर, रीत नाही. तीनपैकी दोन.

मधल्या सुट्टीत ती आली,
एका हातात वही, एका हातात खिचडीचं ताट.
"एकटी बाई रोवत नाही जी."
"अगं, समजा म्हटलंय."
"समजलं तरी."

आणि सांगत गेली, घास गिळत गिळत:
अठ्ठेचाळीस दिवस एकटी बाई बांधीत,
पऱ्हे पिवळे पडतील तिच्या वाट्याचे.
जुडी फेकंल कोन तिच्याकडे?
पाठीत उसण भरली त हात देऊन उठवंल कोन?
अन् गाण्याची एक ओळ तिनं म्हटली
त दुसरी कोन म्हनंल?
"लिहिली होती जी मी तिले.
मंग खोडली."

"मग बारा कुठून आणलेस?"
"जोडीनं."
सहा म्हणजे तीन जोड्या, आठ दिवस.
एका जोडीला तीन आठे चोवीस.
चार म्हणजे दोन जोड्या.
चोवीसचे अर्धे.

दोनाचे तीन करताना पेन उमटेना,
वहीच्या कोपऱ्यात गिरवून गिरवून
भोकच पडलं.
मग मास्तरकीची खाज ती, मी विचारलं,
"आणि पाच बाया असल्या तर?"
(मला जिंकायचं होतं. वय त्रेचाळीस माझं.)
ती नळावर गेली, ताट धुतलं,
झटकत झटकत परत आली.
"मंग तुम्ही या जी."

आखाडातल्या एका रविवारी गेलो.
पँट गुडघ्यावर, घड्याळ खिशात.
मागे मागे सरत रोवायचं असतं
हे मला माहीत होतं, माझ्या पायांना नव्हतं.
दुपारी पाचही जणी कंबर सरळ करून
माझ्या ओळीकडे बघत उभ्या राहिल्या.
ओळ कुठे चालली होती ते तिलाच ठाऊक.
त्रिवेणीची काकी दुर्पता म्हणाली,
"गुरुजीले अर्धी बाई धरा ना बाप्पा."
आणि बांधावरून जे हसू सुटलं
ते तलावाच्या पाळीपर्यंत गेलं असणार.

रात्री खोलीवर, नखांत चिखल.
दुखऱ्या कंबरेला उशी लावून बसलो.
अठ्ठेचाळीस भागिले साडेपाच.
दोन्हीकडे दुप्पट केली:
शहाण्णव भागिले अकरा.
अकरा आठे अठ्ठ्याऐंशी, बाकी आठ.
शून्य घेतलं. सातचा भाग, बाकी तीन.
शून्य घेतलं. दोनचा भाग, बाकी पुन्हा आठ.
शून्य घेतलं.
सात, दोन. सात, दोन.
पान संपत आलं तरी
एकही एकटा राहायला तयार नाही.