शेवटचा आवाज

त्या जुन्या नाटकात शेवटी बायको घर सोडते
आणि दार आपटतं.
ते मी आपटते.
एकोणीस हिवाळे झाले,
ट्रोम्सोच्या नाट्यगृहात, डाव्या विंगेत.
कार्यक्रमपत्रिकेत सुतारांच्या खाली माझं नाव असतं:
बोर्गहिल्ड, दरवाजा.

दार खरं आहे. पाइनचं, जड,
एका पाडलेल्या शाळेतून आणलेलं.
भिंत खोटी, कापडाची,
म्हणून चौकट लोखंडी टेकूंनी जमिनीला जखडलीय
आणि टेकूंवर वाळूच्या चार गोण्या.
एवढं बांधून ठेवलं तरच
सुटल्याचा आवाज नीट येतो.

मागे एका दिग्दर्शकाने टेप आणली होती,
ध्वनिमुद्रित धडाड.
ऐकली. तिच्यात वारा नव्हता.
दार मिटण्याआधी थोडी हवा ओढून घेतं,
पहिल्या रांगेतल्या बायकांच्या गालाला ती लागते,
आणि मग आवाज.
त्याने टेप परत नेली. खांदा माझा दुखतो.

इंग्विल बाहेर येते, हातात छोटी बॅग.
बॅगेत एक वीट, वजन दिसावं म्हणून.
मी आपटते.
मग ती माझ्या शेजारी अंधारात उभी राहते,
आगीच्या बादलीपाशी,
एका पायाने दुसऱ्या पायातला बूट ढिला करते,
आणि टाळ्या पुरेशा वाढल्या की
त्याच दाराने परत आत जाते,
नवऱ्याचा हात धरून वाकायला.
रोज. रविवारी दोनदा.

परवाच्या शुक्रवारी खटका अडकला.
मी ओढलं, लाथ घातली, पेचकस खुपसला.
पलीकडे टाळ्या, अलीकडे आम्ही दोघी.
‘फिरून येते,’ म्हणाली
आणि सामानाच्या दाराने रस्त्यावर गेली,
उणे अकरा, खांद्यावर नुसती शाल.

इमारतीला वळसा घालायला दोन मिनिटं लागतात.
सहा झाली.
आत तो नट एकटाच वाकत होता,
एकदा, दोनदा, मग हात कुठे ठेवावेत कळेना त्याला.
टाळ्या विरत विरत थांबल्या.
उठलं मात्र कुणी नाही.
फटीतून पाहिलं: चौथ्या रांगेत माझा ओड्वार,
गुडघ्यावर टोपी, नजर दारावर.
दारामागे मी असते हे त्याला ठाऊक आहे,
तरी वाट तो तिचीच बघत होता.

आली तेव्हा भुवयांवर बर्फ.
‘कुठे होतीस?’
‘बंदरापाशी. बस आली, दार उघडून थांबली.
ड्रायव्हर म्हणाला, येतेस का.’
‘मग?’
‘पैसे कुठे होते? बॅगेत वीट.’
हसली. मग हसली नाही.

सगळे गेल्यावर खटका खोलून मी तेल घातलं.
घालू नये, असं क्षणभर वाटलं होतं.
हे कुणाला सांगितलेलं नाही.

घराकडे चालताना ओड्वारने विचारलं,
‘एवढा वेळ कुठे होती ती?’
‘बाहेर.’
‘हातमोजे होते का?’
बेचाळीस वर्षांत हा माणूस माझ्यावर कधी ओरडला नाही,
आणि तुला कुठे जायचंय का,
असंही कधी म्हणाला नाही.
‘नव्हते,’ मी सांगितलं.

आमच्या घराचं दार दमटपणाने फुगलंय.
ते आपटत नाही. किंचित वर उचलून
कमरेने लोटावं लागतं, झोपलेल्या गुरासारखं.
तो आत जाऊन दिवे लावत होता.
मी पायरीवरच.
खालच्या रस्त्याने बस गेली,
आत लख्ख उजेड, माणूस एकही नाही.
वळणापर्यंत पाहिली.

‘दार लाव,’ आतून तो म्हणाला, ‘थंडी येतेय.’
‘येऊ दे जरा,’ म्हटलं.