मिक्सर लावू नका

पंच्याण्णव टक्क्यांवर आईने मिक्सर लावला
आणि ट्यूबलाइटने एकदा डोळा मिचकावला.
ड्राइव्हमध्ये काहीतरी घरंगळत खाली आलं,
मग गप्प.
ट्रे बाहेर आला, डॉक्टरला जीभ दाखवावी तसा.
बारा रुपये गेले.
"काय जाळतोस रे रात्रंदिवस?" ती म्हणाली,
"वास तर कसलाच येत नाही."

पार्कसाइटच्या आमच्या खोलीत तेव्हा एकच बोर्ड,
त्यावर फ्रीज, मिक्सर आणि माझा कॉम्प्युटर.
मी पुठ्ठ्यावर लाल स्केचपेनने लिहिलं,
मिक्सर लावू नका,
आणि ओट्यावरच्या खिळ्याला टांगलं.
आठवडाभर चटणी खलबत्त्यात.
ठोके ऐकून खालच्या शिंत्रेकाकू वर आल्या,
"काय कार्य काढलंय?"

कार्य गांगुर्डे सरांचं.
रात्रशाळेत भूमिती शिकवायचे.
बेकरीतून, गॅरेजमधून, कुणाच्या गाड्या पुसून
मुलं यायची
आणि दुसऱ्या प्रमेयाला बाकावर कपाळ टेकायची.
सरांनी एकतीस धडे हॅण्डीकॅमवर घेतले.
"घरी बघतील. थांबवून थांबवून."
भाच्याने सगळ्याची मिळून एक फाइल करून दिली,
शेपटीला आयएसओ, वजन पावणेचार जीबी.
प्रती चाळीस.

लॅमिंग्टन रोडवरून पन्नासचा दांडा आणला,
बांगडीवाल्याकडे असतो तसा,
पोटाकडून जांभळ्या तबकड्यांचा.
खोक्यावर सोळाचा वेग लिहिलेला, मी चारनेच जाळायचो.
एकीला पंधरा मिनिटं.
तेवढ्यात कुणी खुर्ची सरकवायची नाही.

नवव्या दिवशी सर परत आले, पिशवीसकट.
"प्लेअर म्हणतो, डिस्कच नाही."
मी एक उघडली.
आत एकच फाइल, तीच, पावणेचार जीबी,
बंद.
पेटीतलं सामान मांडायचं सोडून
मी पेटीत पेटी ठेवून दिली होती.
चाळीस वेळा.

सरांनी खिशातून खडू काढला
(त्यांच्या सगळ्याच खिशांत खडू)
आणि आमच्या लादीवर तीन रेघा ओढल्या.
"हा त्रिकोण आहे?"
"हो."
"नाही. त्रिकोणाच्या रेघेला जाडी नसते, बाळा.
ही त्याची आकृती. हिच्यातून तो काढावा लागतो."
मग चष्मा कपाळावर सरकवून स्क्रीनला नाक लावलं,
"इथे 'बर्न इमेज' असं वेगळं लिहिलंय, ते काय?"

मेनूतली तिसरी ओळ.
आठ दिवस माझ्या नजरेखालून जात होती.

पैसे त्यांनी पुन्हा दिले, अर्धे सुट्टे.
मी नको म्हणालो, पण फार जोरात नाही.

दुसऱ्या खेपेला आई स्वतः बोर्डाजवळ बसली
लसूण सोलत.
शंभर झाले तरी दिवा लुकलुकतच होता.
"आता काय करतंय?"
"लिहिलंय तेच उमटलं का, वाचून बघतंय."
"स्वतःवर एवढा अविश्वास?" ती म्हणाली
आणि पुढची पाकळी घेतली.

बाद चाळीस शिंत्रेकाकूंनी मागून नेल्या,
दोऱ्यात ओवून ग्रिलला बांधल्या, कबुतरांसाठी.
कबुतरांनी त्यांच्या आडोशाला घरटं केलं.

परवा गेलो तर तीन-चार अजून लटकत होत्या.
एक सोडवून उन्हात धरली.
जळलेला भाग गडद दिसतो, मधल्या भोकापासून बाहेर,
आणि कडेला एक फिकट वळं,
बोटभरसुद्धा नाही,
कोरं.
तिथे अजून एखादा धडा मावला असता.
पण शेवटी डिस्क बंद करायची का, असं विचारतात
आणि मी दरवेळी हो म्हटलेलं.

माझ्या लॅपटॉपला ट्रेच नाही.
ओट्यावरच्या खिळ्याला आता गाळणी असते.
आई मिक्सर लावते,
मी अजूनही वर बघतो, ट्यूबकडे.