पाचवी ब

भाऊ, मोटारसायकल जरा बाजूला घ्या,
तांदळाचा टेम्पो यायचाय.
वहिनी, तुम्ही निंबाखाली बसा, ऊन चढतंय.
पोरगी आत गेली. आता पाच वाजेपर्यंत
ती माझ्या हद्दीत.

मी उखर्डू. घंटा मारतो, फाटक लावतो.
या स्टुलावरून सव्वीस जून पाहिलेत,
दर जूनला या जाळीत बोटं अडकवून
कोणी ना कोणी उभं असतंच.
मागे एक फौजदार होता, वर्दीतला,
टोपी काढून तिच्यातच बघत बसलेला.

नाव काय म्हणालात? मोक्षदा.
चौथीपर्यंत गावातली शाळा, खोल्या दोन, बाई एकच.
त्या बाईंना ठाऊक, हिला ताक चालत नाही,
बेरीज चुकली की ही नखं खाते.
इथे सहा सर, जिना,
आणि मिसरूड फुटलेली दहावीची पोरं.
आहे ते आहे. खोटं कशाला सांगू?

पहिल्या आठवड्यात ती डबा विसरेल.
बाटली तर हरवेलच,
माझ्या खोलीत खोकं आहे, सत्तावीस बाटल्यांचं,
कधीही या, ओळखून घेऊन जा.
एखाद्या बुधवारी चुकून सहावीत जाऊन बसेल
आणि अर्धा तास भूगोल शिकून येईल,
फुकटात.
मुलींचं स्वच्छतागृह कुठे, हे विचारायला लाजतात,
म्हणून नव्या पोरींना मी आधीच सांगतो:
पिवळ्या भिंतीमागे. कडी आतून लागते.
काल तेल घातलंय.

वहिनी, मघाशी ती रडत होती
आणि तुम्ही तिचे डोळे पुसले नाहीत.
हात मागे धरून उभ्या.
मला वाटलं, बाई कडक दिसते.
मग जवळून गेलात आणि मला ठसका लागला.
पथारीवर देठ खुडता ना मिरचीचे?
हंगाम सरून दोन महिने झाले
तरी बोटांतली आग जात नाही, माझ्या बायकोचीही नाही.
मनगटाच्या उलट्या बाजूने
तुम्ही तिचा भांग सारखा केलात.
मी पाहिलं.

माझ्या आधीची तीन गेली.
म्हणून आईने मला उकिरड्यावर ठेवलं,
शेजारणीकडून सव्वा रुपयाला परत घेतलं,
आणि नाव हे असलं,
मरणानेही नाक मुरडून पुढे जावं म्हणून.
त्या नावावर मी दहा वर्षं निवांत जगलो.
मग पाचवीत इथे आलो. हजेरीला वर्ग हसला.
हसला म्हणजे, बाकं वाजवली.
आई बाहेरच होती, तेव्हा इथे तारेचं कुंपण होतं.
तिने सगळं ऐकलं. आत आली नाही.
संध्याकाळी भाकर थापता थापता म्हणाली,
"हासू दे रे. ज्यानी भीती व्हती,
तो कधळच निंघी गया."
मला काहीच कळलं नाही. भाकर खाल्ली.
चौथ्या दिवशी मागच्या बाकावरून कोणी विचारलं,
उख्या, गोट्या आहेत का रे?
होत्या.

आणि ब तुकडी म्हणजे कमी असलं काही मनात आणू नका,
बाकं पुरली नाहीत, एवढंच.

थांबा. हजेरी चाललीय.
आत्ता "हजर" म्हणाली ती तुमचीच का?
बारीक आवाज, शेवटचं अक्षर गिळलेलं.
तिचीच असणार.
दसऱ्यापर्यंत हाच आवाज वऱ्हांड्यात इतका चढेल
की मला काठी आपटावी लागेल. आपटीन.

पाच वाजता या. पण फाटकाला चिकटून नको,
त्या रसवंतीपाशी थांबा.
तिथवरचा रस्ता तिला
मैत्रिणीशी बोलत यायचा असेल.
तुम्हाला पाहूनही न पाहिल्यासारखं करेल.
करू द्या.

भाऊ, गाडी घ्या म्हटलं ना.
टेम्पो आला.