कंठ

अक्कलकोट रोडची एमआयडीसी, पत्र्याचं छत,
बाहेर बेचाळीस, आत कूलरचा कुबट ओलावा,
मी सकाळपासून पोपट काढत बसलेय.
दोन हजार चारशे हुकांचा पोपट.
चौकोनाला चौकोन. चोच झाली, डोळा व्हायचाय,
आणि पडदा पांढुरका होतो.
वरच्या पट्टीत अक्षरं:
प्रतिसाद देत नाही.

मी हात उचलून घेते.
अशा वेळी काही हलवायचं नसतं.
तापलेल्या पोराच्या उशाशी बसतात तसं बसायचं,
ते गोल फिरतंय ते फिरू द्यायचं.
पलीकडे शेडमध्ये चोवीस माग खडखडतायत,
त्यांना कुणी विचारत नाही, प्रतिसाद देता का.

पुण्याला फोन लावला. सपोर्टवाला मुलगा म्हणाला,
मॅडम, बंद करून चालू करा.
केलं.
मॅडम, डोंगल काढून परत लावा.
लावला. फुंकर मारून लावला, ओढणीला पुसून लावला.
मॅडम, आमच्याकडे तर चालतंय.
तुमच्याकडे चालणारच की बे,
हे तोंडाशी आलेलं गिळलं. नोकरी आहे.

उघडलं तर पोपट साडेअकराचा.
दीड तासाचे पंख गेले.

तेव्हापासून चार चौकोन झाले की सेव्ह.
घरी भाकरी थापतानासुद्धा
डावी करंगळी काठवटीत आपोआप काहीतरी दाबते.
सासूबाई विचारतात, बोट दुखतंय का गं?

राजमल्लू एनगंदुल चारला चहा घेऊन येतात.
पूर्वी जकार्डची कार्डं पंच करायचे,
आता घडी विभागात टॉवेल मोजतात.
सॅम्पल उचललं, बघितलंही नाही,
नुसतं बोट फिरवलं.
"इथं अम्मा. मानेपाशी. एक लाल ओळ जास्त पडलीय."
खरंच पडली होती.
सेव्ह करताना हे सॉफ्टवेअर एखादी ओळ दोनदा लिहितं,
एखादी खातं, लहर लागेल तसं.
"आमच्या वेळी चूक सापडायची.
तीनशे अठरावं कार्ड, डावीकडून सातवं भोक.
कागदाचा तुकडा, बोटभर खळ, झालं."
मी म्हटलं, बरं होतं की मग तुमचं.
"कुठलं बरं! ऐन चतुर्थीला
सोळाशे कार्डं उंदरानं खाल्ली. रडलो होतो मी."
कप खाली ठेवला,
माझ्या माऊसकडे बघून म्हणाले,
"हा पण त्यातलाच की."

सॅम्पल तसंच गेलं. वेळच नव्हता.
मालक म्हणाले, सिकंदराबादच्या गिऱ्हाईकाला काय कळतंय.
तिसऱ्या दिवशी गिऱ्हाईकाचा फोन:
पोपटाला कंठ काय सुरेख काढलाय हो!
तस्साच पाहिजे. आठशे चादरी.

आता रात्रीचे आठ.
फाईल उघडते, सेव्ह करते. बरोबर.
बंद, चालू, सेव्ह. बरोबर.
डोंगल अर्धवट खोचून बघितला. बरोबर.
मध्येच लाइट गेली, यूपीएस टिटवीसारखा केकाटला,
लाइट आली,
आणि पोपट जसाच्या तसा,
मान कोरी, शहाण्या पोरासारखा बघतोय.
ज्या चुकीला सहा महिने शिव्या घातल्या
तिला आज हात जोडून बोलावतेय,
येत नाही.
कंठ त्याला फुटत नाही,
पोपट झालाय तो माझा.

शेवटी झूम केलं. हातानंच घ्यायचं.
एकेक लाल चौकोन, मानेभोवती.
राजमल्लू डबा घेऊन निघालेले,
चपलेत पाय घालता घालता मागे थांबले.
"एक घर खाली," म्हणाले.
"चूक तिथं नव्हती."

खाली घेते.
अख्खी ओळ. अडतीस चौकोन.
सेव्ह.

पडदा पांढुरका होतो.