उरलेले साठ

उमदीच्या पुढं, बोर नदी ओलांडली की
पत्र्याचं घर, दारात शेळी.
एवढ्याच खुणेवर निघालो.
एम-एटीचा दिवा गेलेला. चांदणं होतं, बरं झालं.

निलव्वानं पैशाचं काढलंच नाही.
कळा कधीपासून, पाणमोट फुटली का, एवढंच.
पिशवीत नवं ब्लेड, दोरा, एरंडेलाची बाटली.
गाडीवर मागं बसून ती कन्नडमध्ये पुटपुटत राहिली,
मला वाटलं मंत्र.
खड्ड्यांना शिव्या होत्या.

पहाटे आतून एक आवाज थांबला, दुसरा सुरू झाला.
बेदाण्याच्या शेडवरून आलेल्या चुलत्यानं
दारातच रीत सांगितली:
मुलाला पाचशे, मुलीला तीनशे.
ती हात धूत होती, कोपरापर्यंत, सावकाश.
"रात्र तर एकच गेली की माझी," म्हणाली.

माझ्याकडं चारशे चाळीस निघाले, नाणी धरून.
तिनं मोजले, कनवटीला लावले.
"साठ ऱ्हायले."
राहू दे, असं काही म्हणाली नाही.
मलाही ते बरं वाटलं.

बेदाणा विकल्यावर गेलो,
साठ रुपये, वर किलोभर हिरवा, लांब मण्याचा.
दाराला कुलूप. शेळी शेजाऱ्याच्या दावणीला.
लेकानं विजापूरला नेली म्हणाले. पत्ता कुणाकडंच नव्हता.

पोरगी आता दुसरीत आहे.
गणित मीच घालतो:
पाचशेतून चारशे चाळीस वजा.
ती ओठ चावत हातचा घेते,
साठ, म्हणते.
कुणाचे, हे अजून विचारलं नाही तिनं.